कळते, पण वळत नाही!

डायालिसिस केंद्राच्या उद्घाटनाला मंत्री येतात, नारळ फुटतो, फीत कापली जाते आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांतून त्याची छायाचित्रे झळकतात. मधुमेही माणसाच्या लघवीत अल्ब्युमिन उतरू लागले आहे की काय, हे पाहणाऱ्या साध्या तपासणीच्या उद्घाटनाला मात्र कोणी मंत्री गेल्याचे आम्ही अद्याप ऐकलेले नाही. पहिली सोय माणसाची मूत्रपिंडे निकामी झाल्यावर कामाला येते. दुसरी ती निकामी होण्याच्या कित्येक वर्षे आधी. पहिलीला यंत्र लागते, पाणी शुद्ध करणारी यंत्रणा लागते, खाट लागते, तंत्रज्ञ लागतो आणि आठवड्यातून दोन-तीन वेळा चार-चार तास खाटेवर पडून राहण्याची तयारी लागते. दुसरीला एक छोटी बाटली पुरते. असे असूनही आपल्या राज्यकर्त्यांचे आणि आपले स्वतःचे सारे लक्ष पहिलीकडेच लागलेले असावे, हे सार्वजनिक आरोग्याच्या बाबतीतील आपल्या दृष्टीचे लक्षण आहे. आणि ते चांगले लक्षण नाही.

डायालिसिस केंद्रे नकोत, असे म्हणण्याचा निर्दयपणा आम्ही करणार नाही. २०१६-१७ चा केंद्रीय अर्थसंकल्प मांडताना तत्कालीन अर्थमंत्री अरुण जेटली यांनी राष्ट्रीय डायालिसिस योजनेची घोषणा केली, तेव्हा जे आकडे सांगितले ते कोणालाही हादरवणारे होते. देशात दरवर्षी सुमारे २ लाख २० हजार माणसे मूत्रपिंडविकाराच्या अखेरच्या अवस्थेत नव्याने दाखल होतात. त्यांच्यासाठी दरसाल ३ कोटी ४० लाख डायालिसिसची जादा गरज निर्माण होते. एका वेळचा खर्च सुमारे २ हजार रुपये धरला तरी वर्षाचा खर्च ३ लाखांच्या वर जातो. रोजगार बुडतो, सोबत येणाऱ्याचाही बुडतो, प्रवासाचा खर्च वेगळाच. अशा कुटुंबांना मोफत डायालिसिस मिळाले तर त्याचे स्वागतच केले पाहिजे. महाराष्ट्रातही महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून या उपचाराचा भार सरकार उचलते, ही समाधानाची गोष्ट आहे. आमचा प्रश्न एवढाच आहे, की दरसाल येणारा हा दोन लाखांचा लोंढा आकाशातून पडतो काय? तो कोठून येतो, हे आधी ओळखता येत नाही काय?

ओळखता येते, असे आजचे वैद्यकशास्त्र निःसंदिग्धपणे सांगते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय मूत्रपिंडविकार नोंदवहीत बावन्न हजारांहून अधिक रुग्णांचा हिशेब मांडलेला आहे. त्यांतील ३१ टक्के रुग्णांच्या विकाराचे मूळ मधुमेहात आणि १३ टक्क्यांचे उच्च रक्तदाबात होते. रुग्णांचे सरासरी वय पन्नास, म्हणजे घरात मुलांची शिक्षणे आणि लग्ने व्हावयाची असतात ते वय. परंतु या नोंदवहीतला सर्वांत बोचरा आकडा निराळाच आहे. शंभरांतले सुमारे अठ्ठेचाळीस रुग्ण मूत्रपिंडतज्ज्ञासमोर प्रथम आले, ते विकाराच्या शेवटच्या, पाचव्या पायरीवर असताना! त्यांतल्या पुष्कळांना आपल्याला मधुमेह आहे, रक्तदाब आहे, हे ठाऊक नसेल असे मानणे कठीण आहे. कित्येक जण वर्षानुवर्षे गोळ्या घेत असतील, महिन्याकाठी दवाखान्यात जात असतील. आग कोठे लागणार हे ठाऊक होते. धूर निघतो आहे का, एवढेच कोणी पाहिले नाही.

आणि आता ज्यांच्याकडे पाहावयाचे त्यांची संख्या तर पाहा. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार या देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत, आणखी १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत आणि उच्च रक्तदाब असणाऱ्यांची संख्या साडेएकतीस कोटींच्या घरात जाते. आपल्या शेजारच्या गोव्यात तर प्रौढांपैकी २६ टक्क्यांहून अधिक लोकांना मधुमेह आढळला. हे प्रमाण पाहणीतील सर्व राज्यांत सर्वाधिक होते. या सर्वांची मूत्रपिंडे निकामी होणार आहेत असे मुळीच नाही. बहुतेकांची होणार नाहीत. पण म्हणूनच ज्यांना खरा धोका आहे त्यांना या गर्दीतून वेळीच निवडून काढणे अगत्याचे ठरते. सर्वांना सारखेच घाबरवणे आणि सर्वांना सारखाच धीर देणे, या दोन्ही गोष्टी सारख्याच निरुपयोगी आहेत.

मूत्रपिंडाचा विकार हा मोठा मुका विकार आहे. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर वगळून बाकीचा सगळा शरीराला परत करतात. रक्तातली वाढलेली साखर या गाळण्यांच्या भिंती हळूहळू खराब करते. वाढलेला दाब त्यांना आतून सतत धक्के देतो. दोन्ही विकार एकत्र आले, आणि ते वारंवार एकत्र येतात, की एक दुसऱ्याला हात देतो. गाळण्या एकामागून एक बंद पडू लागतात. उरलेल्या गाळण्या अधिक राबून काम भागवतात आणि त्या जादा श्रमाने स्वतःही लवकर झिजतात. हे सगळे चालू असताना माणसाला दुखत नाही, खुपत नाही. तो कामावर जातो, लग्नाकार्यात जेवतो, जिने चढतो. पाय सुजू लागले, भूक गेली, धाप लागू लागली म्हणजे तो दवाखाना गाठतो, तोवर बहुतांश गाळण्या गेलेल्या असतात. आणि गेलेली गाळणी परत येत नाही.

सुशिक्षित वाचकांपैकी पुष्कळ जण यावर म्हणतील, ‘आम्ही क्रिएटिनिन तपासून घेतो, ते नॉर्मल आहे.’ हे समाधान किती फसवे असू शकते हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. रक्तातील क्रिएटिनिनचा १.२ हा आकडा घ्या. पुष्कळ अहवालांत तो सामान्य मर्यादेच्या आत किंवा फार तर तिच्या काठावर दिसतो. पण क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते, आणि पंचविशीच्या तरुणाचे स्नायू व साठीच्या स्त्रीचे स्नायू सारखे नसतात. आज मोठ्या प्रमाणावर वापरात असलेल्या २०२१ च्या सूत्रात वय आणि लिंग घालून गणित केले, तर १.२ क्रिएटिनिन असलेल्या पंचवीस वर्षांच्या पुरुषाच्या मूत्रपिंडांची गाळणक्षमता मिनिटाला सुमारे ८६ मिलिलिटर निघते, त्याच १.२ ला साठ वर्षांच्या स्त्रीची गाळणक्षमता ५२ भरते. ही क्षमता तीन महिन्यांहून अधिक काळ ६० च्या खाली राहिली तर तो मूत्रपिंडविकार समजावा, असा जगन्मान्य दंडक आहे. म्हणजे ज्या आकड्यावर तरुणाने निश्चिंत राहावे, त्याच आकड्यावर त्याच्या आईने सावध व्हावयास हवे. अहवालात नुसते क्रिएटिनिन छापून गाळणक्षमतेचा आकडा न छापणे म्हणजे अर्धीच गोष्ट सांगून उठण्यासारखे आहे.

उरलेली अर्धी गोष्ट लघवी सांगते. मधुमेह हे नावच मुळी आपल्या प्राचीन वैद्यांनी लघवीची परीक्षा करून दिलेले आहे. पाश्चात्त्य वैद्यकात लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ साली, सूज आलेल्या रुग्णांची लघवी तापवली असता ती गोठते आणि मृत्यूनंतर अशा रुग्णांची मूत्रपिंडे बिघडलेली आढळतात, हा संबंध जगापुढे मांडला. लघवी गोठवणारा तो पदार्थ म्हणजे अल्ब्युमिन, रक्तातले प्रथिन. धड गाळणी त्याला सहसा बाहेर जाऊ देत नाही. पण ब्राइट यांना दिसत होते ते उघड्या डोळ्यांना दिसण्याइतके, म्हणजे उशिराचे. १९६३ साली लंडनमध्येच हॅरी कीन आणि त्यांच्या सहकाऱ्याने लघवीतले अत्यल्प अल्ब्युमिनही मोजण्याची रीत काढली. आणि १९८२ व १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनांनी असे दाखवून दिले, की मधुमेही माणसाच्या लघवीतून उतरणारे हे अत्यल्प अल्ब्युमिन पुढच्या मोठ्या विकाराची आणि अकाली मृत्यूचीही पूर्वसूचना असते. आज क्रिएटिनिनच्या दर ग्रॅममागे ३० मिलिग्रॅमच्या आत अल्ब्युमिन असेल तर ठीक, ३० ते ३०० असेल तर इशारा आणि ३०० च्या वर असेल तर गंभीर धोका, असे सरळ गणित आहे. ताप, जंतुसंसर्ग, नुकताच केलेला कष्टाचा व्यायाम यांनीही हा आकडा चढतो. म्हणून एका चाचणीवर न विसंबता ती काही आठवड्यांनी पुन्हा करावी, एवढेच पथ्य.

हे दोन आकडे एकत्र मांडले म्हणजे काय साधते, ते गेल्या पंधरा वर्षांत विशेष स्पष्ट झाले आहे. २०११ साली कॅनडातील डॉ. नवदीप तांगरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सूत्र प्रसिद्ध केले. ज्याचा विकार मध्यम पायरीवर पोहोचला आहे, अशा रुग्णाचे वय, लिंग, गाळणक्षमता आणि लघवीतील अल्ब्युमिन या अवघ्या चार गोष्टींवरून, येत्या दोन आणि पाच वर्षांत त्याची मूत्रपिंडे पूर्णपणे निकामी होण्याचा धोका शेकडा किती, हे त्यातून काढता येते. २०१६ साली ते तीसहून अधिक देशांतील सात लाखांवर रुग्णांच्या नोंदींशी ताडून पाहण्यात आले आणि बहुतांशी खरे उतरले. २०१९ साली त्याच्याही मागे जाऊन, ज्यांची गाळणक्षमता अजून शाबूत आहे अशांपैकी कोणाला पुढे विकार जडेल, हे सांगणारी सूत्रे २८ देशांतील पन्नास लाखांहून अधिक लोकांच्या नोंदींवरून तयार झाली. मधुमेह असणाऱ्यांसाठी आणि नसणाऱ्यांसाठी ती वेगवेगळी आहेत.

या सूत्राची किंमत कळावी म्हणून एक गणित मांडतो. साठ वर्षांचे दोन पुरुष आहेत. दोघांचीही गाळणक्षमता ३०. नुसते क्रिएटिनिन पाहणारा डॉक्टर दोघांना एकाच रांगेत बसवील. पण पहिल्याच्या लघवीत अल्ब्युमिन १० आहे, दुसऱ्याच्या १०००. तांगरी यांच्या सूत्राने, उत्तर अमेरिकेबाहेरील लोकांसाठी केलेली दुरुस्ती धरून हिशेब केला, तर पाच वर्षांत मूत्रपिंडे निकामी होण्याचा पहिल्याचा धोका शंभरांत पाच भरतो. दुसऱ्याचा शंभरांत तेहतीस! पहिल्याला धीर द्यावयाचा आणि नेमाने पाहत राहावयाचे. दुसऱ्याला आजच तज्ज्ञाकडे पाठवावयाचे. ब्रिटनमध्ये २०२१ पासून, पाच वर्षांचा धोका शेकडा पाचांहून अधिक असलेल्या रुग्णाला तज्ज्ञाकडे पाठवावे, अशी अधिकृत मार्गदर्शक सूचनाच आहे. जेथे मूत्रपिंडतज्ज्ञ थोडे आणि रुग्ण अफाट, अशा आपल्या देशात तर कोणाला आधी पाठवावयाचे हे सांगणाऱ्या अशा मोजपट्टीची गरज ब्रिटनहून अधिक आहे.

येथे कोणी विचारील, की आधी कळून उपयोग काय? जे कपाळी लिहिले आहे ते टळते थोडेच! हा प्रश्न एके काळी अगदीच गैरलागू नव्हता. आज तो विचारणे म्हणजे पत्रिकेतले भविष्य आणि वेधशाळेचा वादळाचा इशारा यांतला भेद न समजणे होय. वेधशाळेचा इशारा मिळालेला नाखवा होडी किनाऱ्याला लावतो. मूत्रपिंडांच्या बाबतीत होडी किनाऱ्याला लावण्याची साधने आता हाताशी आहेत. १९९३ साली कॅप्टोप्रिल आणि २००१ साली लोसार्टन व इर्बेसार्टन या रक्तदाबाच्या औषधांनी मधुमेही रुग्णांच्या मूत्रपिंडांची झीज मंदावते, हे मोठ्या चाचण्यांतून सिद्ध झाले. पुढे २०१९ साली कॅनाग्लिफ्लोझिन आणि २०२० साली डापाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या औषधांनी त्याहून पुढचे पाऊल टाकले. डापाग्लिफ्लोझिनच्या चाचणीत मूत्रपिंडांची मोठी घसरण, ती निकामी होणे किंवा मूत्रपिंडांच्या वा हृदयाच्या विकाराने मृत्यू येणे, या एकत्रित आपत्तीचा धोका सुमारे ३९ टक्क्यांनी घटला. आणि हा लाभ मधुमेह नसलेल्या रुग्णांनाही झाला. यांतील लोसार्टन हे जुने व स्वस्त औषध आहे. डापाग्लिफ्लोझिनचे भारतातील पेटंट २०२० च्या ऑक्टोबरात आणि त्याच वर्गातील एम्पाग्लिफ्लोझिनचे २०२५ च्या मार्चमध्ये संपले, तेव्हापासून देशी कंपन्यांच्या गोळ्या बाजारात आल्या आणि किंमती खाली उतरल्या. जे औषध काल श्रीमंतांचे होते ते आज कारकुनाच्या आवाक्यात आले आहे. मात्र ते कोणाला द्यावयाचे, हे लघवी तपासल्याखेरीज नीट कळत नाही. लघवीतले अल्ब्युमिन हा हृदयासाठीही इशारा असतो. मूत्रपिंडविकार जडलेले कितीतरी रुग्ण डायालिसिसपर्यंत पोहोचण्यापूर्वी हृदयविकारानेच दगावतात, हेही विसरून चालणार नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. एवढ्या कोट्यवधी लोकांची तपासणी गरीब देशाला कशी परवडणार? या आक्षेपाचे उत्तर आपल्याच देशात देऊन झालेले आहे. आणीबाणीच्या काळात, १९७५ च्या नोव्हेंबरात, बंदिवासातून सुटलेल्या जयप्रकाश नारायणांना मूत्रपिंडे निकामी झालेल्या अवस्थेत मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणण्यात आले. मराठी घराघरांतून ‘डायालिसिस’ हा शब्द प्रथम उच्चारला गेला तो बहुधा तेव्हा. लोकांनी वर्गणी काढून त्यांच्यासाठी यंत्र घेतले आणि १९७९ च्या ऑक्टोबरात निधन होईपर्यंत त्यांचे जीवन त्या यंत्रावर अवलंबून होते. जसलोकमध्ये त्यांच्यावर उपचार करणारे डॉ. एम. के. मणी पुढे चेन्नईला गेले. यंत्रावरचा उपचार या देशातल्या बहुसंख्यांना कधीच पुरा पडणार नाही, हे ओळखून या मूत्रपिंडतज्ज्ञाने १९९० च्या दशकात चेन्नईजवळच्या खेड्यांत निराळाच उद्योग आरंभला. गावातल्याच मुलींना शिकवून घरोघर पाठवावयाचे, रक्तदाब मोजावयाचा, लघवीत साखर आणि अल्ब्युमिन आहे का ते परीक्षानळीत साध्या रसायनाने पाहावयाचे आणि ज्यांना धोका दिसेल त्यांना स्वस्तातली, जुनी, खात्रीची औषधे नेमाने द्यावयाची. दरडोई खर्च अगदी नगण्य आला. पंचवीस हजार वस्तीत जे किडनी हेल्प ट्रस्टच्या कार्यकर्त्यांना जमले, ते महापालिका आणि जिल्हा परिषदा हाती असलेल्या राज्य सरकारला जमू नये काय?

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो आम्ही आदराने ऐकतो. ही सूत्रे परदेशांतल्या माणसांच्या नोंदींवरून बांधलेली आहेत. आपल्या माणसांना ती लागू पडतील कशावरून? शंका रास्त आहे. कॅनडातले सूत्र उत्तर अमेरिकेबाहेर वापरताना धोका वाजवीपेक्षा अधिक दाखवीत होते, म्हणून २०१६ साली त्यात दुरुस्ती करावी लागली. उलट, आपल्याकडे शाकाहार अधिक आणि स्नायू कमी असल्यामुळे क्रिएटिनिन मुळातच कमी भरते आणि गाळणक्षमता आहे त्याहून चांगली भासते, असे चंडीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेतील अभ्यासकांनी प्रत्यक्ष मोजणीशी ताडून दाखवले आहे. दुसऱ्याच्या मापाने शिवलेला अंगरखा आपल्याला कोठे ढगळ, तर कोठे तंग होतो, तसाच हा प्रकार आहे. पण म्हणून कोणी उघडे हिंडत नाही. तो आपल्या मापाने दुरुस्त करून घेतो. आणि दुरुस्तीसाठी लागतात त्या आपल्याच नोंदी. त्या ठेवल्या नाहीत, तर आणखी वीस वर्षांनीही आपण ‘हे सूत्र आपल्याला लागू पडेल काय?’ असे विचारीतच बसू. संगणकाच्या साहाय्याने भाकिते करण्याच्या गोष्टी आज मोठ्या उत्साहाने बोलल्या जातात. ते अवश्य व्हावे. परंतु ज्या दवाखान्यात गेल्या वर्षीचा कागद या वर्षी सापडत नाही, तेथे संगणकाने भाकीत करावे तरी कशावरून?

तेव्हा करावयाचे काय, ते स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. तीस वर्षांवरील नागरिकांच्या तपासणीची राष्ट्रीय मोहीम चालू आहे. तिचा मुख्य रोख मधुमेह, रक्तदाब आणि तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांवर आहे. २०१७ साली सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रणाच्या उपक्रमात महाराष्ट्र पहिल्या राज्यांपैकी एक होता. मुंबईत २०२२ पासून महापालिकेचे ‘आपला दवाखाना’ उघडले गेले. म्हणजे दार आहे, खुर्ची आहे, रुग्णाचे नाव नोंदलेले आहे. या चौकटीत, नाव नोंदलेल्या प्रत्येक मधुमेही आणि रक्तदाबाच्या रुग्णाची वर्षातून एकदा गाळणक्षमता आणि लघवीतील अल्ब्युमिन तपासून ते दोन्ही आकडे त्याच्या हातातल्या कार्डावर लिहिले जावेत. प्रत्येक प्रयोगशाळेने, मग ती सरकारी असो वा खाजगी, क्रिएटिनिनच्या शेजारी गाळणक्षमतेचा आकडा छापावा, असा नियम राज्य सरकारने करावा. त्याला पैशाचीही तोशीस नाही. ज्यांचा धोका अधिक निघेल त्यांना लागणारी औषधे त्याच दवाखान्यात, खंड न पडता मिळाली पाहिजेत. तपासणी करून औषध नाही म्हणून परत पाठवणे हे न तपासण्याहूनही क्रूर होय. आणि दर वर्षाच्या अखेरीस, किती डायालिसिस केंद्रे उघडली याच्या जोडीला, किती मधुमेह्यांची लघवी तपासली आणि किती रुग्ण शेवटच्या पायरीवर प्रथम आले, हे आकडे विधिमंडळापुढे ठेवले जावेत. दुसरा आकडा वर्षागणिक घटताना दिसला, तरच पैसा योग्य ठिकाणी गेला असे म्हणता येईल.

एक सावधगिरीची सूचनाही येथेच करणे भाग आहे. धोक्याचा आकडा हा रुग्णाचा आहे. त्याच्या उपचारासाठी तो काढलेला आहे. तो विमा कंपनीच्या किंवा मालकाच्या हाती जाऊन, हप्ता वाढवण्याचे वा नोकरी नाकारण्याचे हत्यार होता कामा नये. लोकांना तशी धास्ती वाटली तर ते तपासणीकडे फिरकणार नाहीत, आणि मग साऱ्या योजनेवर पाणी पडेल. रुग्णाच्या माहितीला कायद्याचे पक्के कुंपण आधी घातले पाहिजे.

सरकारला चार शब्द सुनावून आपले कर्तव्य संपले, असे मात्र आमच्या वाचकांनी मानू नये. ज्या वर्गाला वाचता येते, अहवाल समजतो आणि काही शेकडा रुपये खर्चणे जड जात नाही, त्या वर्गाचे वर्तन काय आहे? वाढदिवसाला भल्यामोठ्या तपासण्यांचे पॅकेज घ्यावयाचे, त्यातल्या साठ-सत्तर आकड्यांपैकी ठळक छापलेले तेवढे पाहावयाचे आणि कागद कपाटात टाकावयाचा. त्यात लघवीतील अल्ब्युमिनची नेमकी मोजणी आहे की नाही, हे विचारावयाचे नाही. ‘थोडी शुगर आहे’ असे, जणू दारी पाहुणा आला आहे, अशा थाटात सांगावयाचे. गुडघा दुखला की औषधाच्या दुकानातून स्वतःच वेदनाशामक गोळ्या आणून महिनोन्‌महिने घ्यावयाच्या. त्या मूत्रपिंडांना अपाय करतात हे ठाऊक असूनही. कोणी सांगितलेले अज्ञात भस्म दुधातून घ्यावयाचे. डॉक्टरने दिलेली रक्तदाबाची गोळी मात्र ‘आता बरे वाटते’ म्हणून बंद करावयाची. पानात लोणचे, पापड आणि वरून मीठ. आणि जेवणानंतर मूत्रपिंडे बिघडण्याला नशीब कारणीभूत! घरातल्या बायकांच्या बाबतीत तर याहून वाईट स्थिती आहे. नवऱ्याची साखर, सासऱ्यांचा दाब यांच्या वेळा तोंडपाठ असणाऱ्या गृहिणीची स्वतःची तपासणी कधी झाली, हे घरात कोणालाच आठवत नसते.

म्हणून ज्या घरात मधुमेह किंवा रक्तदाब आहे, त्या घरातल्या प्रत्येक सुशिक्षित माणसाने डॉक्टरांच्या पुढच्या भेटीत दोन प्रश्न विचारावे: गाळणक्षमता किती, आणि लघवीत अल्ब्युमिन किती? हे विचारण्यात उद्धटपणा नाही. चांगल्या डॉक्टरला असा रुग्ण आवडतो. आणि ज्याला आवडत नसेल, त्याला या प्रश्नाची अधिकच गरज आहे. हे दोन आकडे दरवर्षी एका वहीत एकाखाली एक लिहून ठेवावे. एका वर्षाचा आकडा जे सांगत नाही, ते चार वर्षांचे उतरते आकडे कोणालाही सांगतात.

२०२५ च्या मे महिन्यात जिनिव्हा येथे जागतिक आरोग्य सभेने मूत्रपिंडांच्या आरोग्याविषयीचा पहिला ठराव संमत केला. मधुमेह आणि हृदयविकार यांच्या सावलीत राहिलेल्या या विकाराला त्यामुळे स्वतंत्र स्थान मिळाले. पण ठराव जिनिव्हात होतात; लघवी तपासावी लागते ती गोरेगावात, गडहिंग्लजात आणि गोंदियात. या विकारापुढे शास्त्र हतबल होते, त्या काळात मूत्रपिंडे गेलेल्या माणसासाठी हळहळण्यापलीकडे समाजाला काही करता येत नव्हते, आणि म्हणून त्याला दोषही देता येत नव्हता. आज शास्त्राने आपले काम पुष्कळसे पुरे केले आहे. कोणाला धोका आहे हे ते सांगते, तो कमी कसा करावा हेही सांगते, आणि त्याची किंमतही आता फारशी राहिलेली नाही. यापुढे जी माणसे काहीही न कळता थेट शेवटच्या पायरीवर येऊन उभी राहतील, त्यांचा हिशेब राज्यकर्त्यांना द्यावा लागेल. आणि काही अंशी तो आपल्या प्रत्येकाच्या घरातही मागितला जाईल. पुढच्या डायालिसिस केंद्राची फीत कापावयास जाणाऱ्या मंत्रिमहोदयांना तेथल्या पहिल्या रुग्णाने एवढेच विचारावे: ‘साहेब, दहा वर्षांपूर्वी माझी लघवी कोणी का तपासली नाही?’ त्या प्रश्नाचे उत्तर देण्याची तयारी सरकारने आजपासून करावी.